मृगाआधी आवार तयार करताना: नव्या बंगल्यात राहायला आलेल्यांसाठी

आम्ही फ्लॅट सोडून पुण्याबाहेरच्या छोट्या बंगल्यात राहायला आलो ते मार्चमध्ये. सव्वादोन गुंठ्यांचा प्लॉट, घर वगळून मोकळी जागा तेराशे चौरस फुटांच्या आसपास. आयुष्यभर खिडकीतल्या कुंड्यांवर भागवलेलं, त्यामुळे मे महिन्यातच नर्सरीतून चौदा झाडं आणली आणि दिसेल तिथे लावून टाकली. जूनच्या अखेरीला त्यातली पाच उरली. घरामागे पाणी जोत्याला लागून आठ-आठ दिवस उभं राहिलं आणि आतल्या भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या कॉलनीत काम करणाऱ्या माळीमामांना बोलावलं. ते आवारभर फिरले, उरलेल्या झाडांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मला विचारलं, "ताई, पावसाचं पाणी इथं कुठनं येतं आणि कुठं जातं?" मला सांगता आलं नाही. "मग झाडांचं नंतर बघू," म्हणाले.

त्या एका प्रश्नाने आमचं आवार वाचवलं. उन्हाळ्याच्या अखेरचा हा काळ, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचा, झाडं लावण्याचा नाही. तो पाण्याला वाट करून देण्याचा आणि माती तयार करण्याचा आहे. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, आणि वळीव त्याच्या आधीच केव्हाही येऊन जातो. तेव्हा हातात जेमतेम पाच-सहा आठवडे असतात. पुढचा क्रम आम्ही दोन पावसाळे चुकून शिकलो तो आहे. पुणे, सातारा, नाशिक अशा घाटावरच्या भागासाठी तो जसाच्या तसा चालेल. कोकणात पाऊस जास्त आणि माती वेगळी, तिथे चर मोठे धरा.

आधी जमवून ठेवा

कागद: बांधकामाचा मंजूर नकाशा (त्यात ड्रेनेजची लाईन दाखवलेली असते), प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, मालमत्ता कराची पावती, आणि मोठ्या झाडांचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. सोसायटी असेल तर कुंपण आणि गटाराबद्दलचे तिचे नियम.

अवजारं: टिकाव, पहार, फावडं, दोन घमेली, खुरपं, सिकेटर (छाटणीची कात्री), हातकरवत, दहा-पंधरा मीटरची पारदर्शक लेव्हल पाईप, मापाची टेप, जाड हातमोजे आणि गमबूट. गमबुटावर पैसे वाचवू नका, कारण तिसऱ्या पायरीत कळेल.

१. जमिनीखाली काय आहे ते शोधा

पाण्याची लाईन, मोटरची वायर, ड्रेनेजचे चेंबर, सेप्टिक टँक. हे सगळं कागदावर काढा, आणि जमिनीवर फक्कीने रेघा मारून ठेवा. बिल्डरने किंवा आधीच्या मालकाने दिलेला नकाशा आणि प्रत्यक्षातली लाईन जुळेलच असं नाही. आमच्या मजुराची पहार पाण्याच्या पाईपवर बसली ती नकाशात दाखवलेल्या जागेपासून चार फुटांवर. चेंबरची झाकणं उघडून पाईप कोणत्या दिशेने येतो ते डोळ्यांनी बघा.

२. करवत लावण्याआधी परवानगी

वाऱ्यावादळात फांदी पडेल म्हणून मे महिन्यात सगळ्यांनाच छाटणीची घाई होते. नव्या माणसाला वाटतं, झाड माझ्या आवारात आहे, म्हणजे माझं आहे. शहरी भागात तसं नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या काढायच्या असतील तरी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांसाठी २०२१च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाले आहेत. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच टाका. वर सांगितलेले फोटो आणि कराची पावती इथेच कामाला येतात.

छाटणी करताना फांदी एका घावात वरून कापायला गेलात तर ती स्वतःच्या वजनाने खाली सोलत येते आणि खोडाची साल घेऊन जाते. आधी खालून थोडी चीर द्या, मग थोडं बाहेरून वरून कापा, आणि शेवटी राहिलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कडेच्या बाहेर काढा. ती फुगीर कडा झाडाची जखम भरून आणते, तिला हात लावायचा नाही.

विजेच्या तारांना लागणारी फांदी स्वतः किंवा माळ्याकडून कापू नका. महावितरणला कळवा, लाईन बंद करून ते काम होतं.

गुलमोहर असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्या. फुलतो देखणा, पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. खाली गाडी लावत असाल तर मेच्या आत गाडीची जागा बदला.

३. राडारोडा काढा, पण हाताने नाही

नव्या बंगल्याच्या आवारात मातीसारखं जे दिसतं त्यात निम्मी सिमेंटची खडी, विटांचे तुकडे आणि टाईल्सचे कपचे असतात. घरामागचा ढीग वर्षभर तसाच असेल, तर उन्हाळ्यात त्याच्या सावलीत साप आणि विंचू बसलेले असतात. पहारीने किंवा लांब काठीने ढीग हलवा, मगच घमेलं भरा. वीट उचलताना बोटं तिच्याखाली घालू नका, आपल्या बाजूची कड वर करून विरुद्ध बाजूला उघडा. घोणस पालापाचोळ्यात पडून राहते आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, म्हणून गमबूट. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवा. चावा किंवा दंश झालाच तर झाडपाल्यात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

पालापाचोळा मात्र टाकू नका आणि जाळूही नका. तो पाचव्या पायरीत लागणार आहे.

४. पाण्याला वाट

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

आधी हिशेब. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९३ लिटर पाणी जमतं. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर चार हजार सहाशे लिटरांहून जास्त, म्हणजे हजार लिटरच्या साडेचार टाक्या. हे सगळं पाणी दोन-तीन पाईपांतून तुमच्या आवारात उतरतं. आमचा मागचा पाईप थेट जोत्यापाशी मातीत सोडलेला होता. ओल भिंतीतून आली नव्हती, आम्हीच ती रोज पाजत होतो.

आता उतार बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, सपाट दिसणारी जमीन सहा-सहा इंच फसवते. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक घराच्या भिंतीपाशी, दुसरं कुंपणापाशी काठीला लावून धरा. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर स्थिर होतं, तिथे खुणा करा आणि दोन्ही खुणांपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. कुंपणाकडचं माप जास्त आलं, तर उतार बाहेरच्या दिशेने आहे. घराकडचं जास्त आलं, तर पाणी तुमच्या घरात येणार. गवंडी हे काम पाच मिनिटांत करतो, पण तुम्ही स्वतः एकदा करून बघाच. त्या दिवशी मला माझं आवार पहिल्यांदा कळलं.

घरापासून बाहेर दर दहा फुटांना किमान एक ते दीड इंच उतार हवा. माती कमी असेल तर बाहेरून मुरूम आणून आधी चोपून घ्या, वर चांगल्या मातीचा थर द्या. नवी भर पहिल्या पावसात बसते, त्यामुळे तेव्हा पुन्हा माप घ्या.

भर घालताना सगळ्यात मोठी चूक होते ती अशी: माती भिंतीला टेकवत नेली जाते, वाफा सुंदर दिसतो, आणि जोतं गाडलं जातं. जोत्याचा वरचा किमान सहा इंच भाग उघडा राहिलाच पाहिजे. नाहीतर ओल तर येतेच, वाळवीलाही घरात शिरायला आयता जिना मिळतो.

मग पाणी न्यायचं कुठे? एक उपाय शोषखड्डा, पण तो खणण्याआधी जमीन पाणी पिते का ते तपासा. दीड फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या. संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी कोरडा असेल तर शोषखड्डा चालेल. पाणी तसंच उभं असेल, तर खाली काळी चिकण माती किंवा पाषाण आहे. तिथे खड्डा केलात तर तो फक्त डासांचं तळं होईल. आमच्या पुढच्या बाजूला मुरूम निघाला, मागे काळी माती. म्हणून मागचं पाणी आम्ही उघड्या चरातून पुढे आणलं आणि तिथल्या खड्ड्यात सोडलं. खड्डा पायापासून किमान दहा फूट लांब ठेवा, खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि वाळू. जादा झालेलं पाणी रस्त्याच्या गटारात जाईल अशी सांड ठेवा. सांडपाणी आणि सेप्टिक टँकचं पाणी यात कधीही सोडू नका. आणि पाणी शेजाऱ्याच्या आवाराकडे वळवू नका. आधी त्यांना बोलावून चर दाखवा, दोघांचा मिळून एक चर निघत असेल तर खर्चही वाटला जातो.

काम झालं की पावसाची वाट बघू नका. गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडून पाणी कुठे जातं ते बघत त्याच्यामागे चालत जा. जिथे थांबेल तिथे फावडं.

५. माती ओळखा

खत घालण्याआधी मातीचा नमुना घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही. आवारात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खड्डा करा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र करून अर्धा किलो बाजूला काढा. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या.

शेणखत घेताना हात घालून बघा. कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत, मुठीत दाबलं तर मोकळं होणारं आणि वास नसलेलं असतं. शेणाचा वास येत असेल, आत गरम लागत असेल, तर ते कच्चं आहे. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीही. पांढरी, वाकडी, करंगळीएवढी अळी खतात दिसली तर ट्रॉली परत पाठवा. आम्ही "स्वस्तात मिळतंय" म्हणून घेतलं होतं. चौदातली निदान तीन झाडं त्या अळ्यांनी मुळं खाऊन संपवली.

जपून ठेवलेल्या पाचोळ्याचं एका कोपऱ्यात खत करा: पाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, त्यावर मातीची चिमटभर पाखरण, मग पुन्हा पाचोळा. पावसाआधी वर ताडपत्री टाका, नाहीतर सगळा कस वाहून जातो.

६. खड्डे खणा आणि तापू द्या

आंब्यासाठी तीन फूट लांब, रुंद आणि खोल. लिंबू, पेरूसाठी दोन फूट. जास्वंद, अनंत, मोगरा अशांना दीड फूट पुरे. वरची फूटभर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका, मजुराला हे आधीच बजावा. खड्डे किमान पंधरा-वीस दिवस कडक उन्हात उघडे ठेवा, किडींची अंडी आणि बुरशी त्यात मरते. लहान मुलं असतील तर संध्याकाळी वर फळ्या टाका.

मेअखेरीला भरा. तळाशी पाचोळा, मग वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि तेवढंच सिंगल सुपर फॉस्फेट. हे माप आंब्याच्या खड्ड्याचं आहे, बाकीच्यांना त्या मानाने कमी. खड्डा जमिनीच्या वर चार इंच येईल इतका भरा. पावसात तो खाली बसतो, आणि काठोकाठ भरलेला खड्डा खळगा होऊन झाड बुडवतो.

अंतराबद्दल कठोर व्हा. आंबा भिंतीपासून पंधरा फूट. आमच्या आवारात एकच बसतो, म्हणून एकच लावला. वड, पिंपळ, उंबर ही झाडं प्रिय असली तरी दोन-तीन गुंठ्यांत नकोत, त्यांची मुळं पाया आणि ड्रेनेज शोधत येतात. बहावा, तामण, कांचन, पारिजातक, बकुळ यांचा विचार करा. तामण तर आपलं राज्यपुष्प. मे महिन्यात जांभळा फुललेला बघितलात की दुसरं काही सुचणार नाही.

७. जुन्या झाडांची आळी मोडा

उन्हाळाभर आपण खोडाभोवती बशीसारखं आळं करून पाणी भरतो. तेच आळं पावसात तसंच राहिलं तर खोड पाण्यात उभं राहतं. मेअखेरीला आळ्यातली माती खोडाकडे ओढून छोटी उतरण करा, पाणी बाहेर पसरलं पाहिजे. आच्छादनाचा पाचोळा खोडापासून वीतभर लांब सरकवा.

लिंबाला हे जास्तच लागू. आमचं बारा वर्षांचं, आधीच्या मालकांनी लावलेलं लिंबू डिंक्याने, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाने गेलं. खोडातून मधासारखे थेंब गळत होते आणि मला ते छान दिसत होते. आता दर मे महिन्यात लिंबू आणि आंब्याच्या खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावते. घरच्या मापाने १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत अर्ध्या पाण्यात रात्रभर विरघळू द्या, लोखंडी भांडं नको. चुना वेगळा विरवून गाळून घ्या, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ढवळत ओता. आकाशी निळा रंग येतो. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा: तांबूस झाला तर मोरचूद जास्त आहे, थोडा चुना वाढवा. त्याच दिवशी वापरून संपवा. हातमोजे घाला.

८. फरशी, हिरवळ, कुंपण

थोडक्यात सांगते. सगळं आवार पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटने झाकू नका, चौथ्या पायरीतली सगळी मेहनत वाया जाईल. पायवाटेपुरती शहाबादी टाका, फरश्यांमध्ये दोन बोटं फट ठेवा आणि त्यात हरळी येऊ द्या. गुळगुळीत पॉलिश केलेली फरशी पावसाळ्यात शेवाळून घसरते, घरात आजी-आजोबा असतील तर खडबडीतच घ्या. विकत आणलेली लॉन मे महिन्यात अंथरू नका. तिला पाणी पाजता पाजता टँकर मागवावा लागतो. जूनमध्ये अंथरली तर फुकट जगते. कुंपणाला कोयनेल किंवा मेंदी, दोन्ही फांद्यांवरून जूनमध्ये लागतात.

कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, उलटे न ठेवलेले डबे आताच उचला. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

९. पहिल्या वळवाच्या संध्याकाळी

मेअखेर-जूनमध्ये पहिला चांगला वळीव झाला की तिन्हीसांजेला घरातले दिवे मालवून बाहेर या. कडुनिंबाभोवती, बाभळीभोवती तपकिरी भुंगेरे घोंगावताना दिसतील. ही हुमणीची मोठी झालेली पिढी. याच काही दिवसांत ती मातीत अंडी घालते. एका बादलीत पाणी आणि थोडं रॉकेल किंवा साबणाचं पाणी घ्या, वर दिवा टांगा, फांद्या हलवा. आम्ही दोन संध्याकाळी अर्धी बादली भुंगेरे पकडले आणि त्या वर्षी एकही रोप मुळातून गेलं नाही. आपल्या गल्लीतल्या दोन-चार घरांनी एकाच वेळी केलं तर फायदा कितीतरी जास्त.

त्याच पावसात छत्री घेऊन आवारभर एकदा फिरा. पाणी कुठे थबकतं ते उन्हाळ्यातल्या चाचणीत दिसलं नाही असं इथे दिसतं. तिथे काठ्या रोवून ठेवा आणि उघडीप मिळाली की चर सुधारा.

१०. आता झाडं आणा

दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की नर्सरीत जा. कृषी विद्यापीठांच्या आणि शासकीय रोपवाटिकांमध्ये जातीची खात्री असते. घाटावर हापूस हट्टाने लावू नका, त्याला कोकणची हवा लागते; केसर लावा. दापोलीच्या विद्यापीठाची रत्ना ही नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली जातही विचारात घ्या. लिंबात राहुरीच्या विद्यापीठाची साई सरबती.

सर्वांत उंच रोप निवडू नका. पिशवीच्या तळातून मुळं गोल गुंडाळून बाहेर आली असतील तर ते रोप फार दिवस पिशवीत राहिलं आहे. मध्यम उंचीचं, जाड खोडाचं, कलमाचा जोड नीट भरलेला असं घ्या.

लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरा, हुंडी (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) फुटू देऊ नका. जोड जमिनीच्या वीतभर वर राहिला पाहिजे. शेजारी बांबू रोवून सुतळीने सैल बांधा, बांबू हुंडीत खुपसू नका. जोडाच्या खालून फुटणारे कोंब दिसतील तेव्हा खुडत राहा, नाहीतर केसरच्या जागी खालचा रायवळ (गावठी आंबा) वाढतो. आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी जून-जुलैमध्ये आठवणीने सोडा. ती तशीच राहिली तर खोड जाड होताना तिथे आवळलं जातं, आणि चार वर्षांनी भर वाऱ्यात झाड बरोबर त्याच जागी मोडतं.